शगुनाचे मार्क

गोडादरा वस्तीतल्या मोकळ्या प्लॉटवर त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्रमागाच्या लूमखात्यातली दिवसपाळी सुटली होती, रातपाळी अजून चढायची होती, आणि दोन्ही पाळ्यांची माणसं बायकापोरांसकट मांडवात दाटीने बसली होती. पुढे पलंगावर हळदीवाले बापू. त्यांच्या डोक्यावर दोरीला चाळीस पांढरे रुमाल टांगलेले, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने एकेका लेकराचा परीक्षेचा नंबर लिहिलेला. कापड ज्याने त्याने आदल्या दिवशी आपल्या घरून आणून दिलं होतं, म्हणून लबाडीला जागाच नाही, असं बापूंचे सेवक सांगत फिरत होते. रात्रभर ते कापड कुणाजवळ होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"बोलो मेरे बच्चों!" बापू गरजले. "सरकार का सर्वर डाउन होता है. बापू का सर्वर कभी डाउन नहीं होता! कम्प्युटर के पेट में जो नंबर छुपेला है, वो हळदी माता खींच के बाहर लाएगी!"

आसोपालवाची डहाळी हळदीच्या पाण्यात बुडवून बापूंनी एका रुमालावर सपासप शिंपडली. कापड पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात हळूहळू रक्तासारखे तांबडे आकडे उमटले. एकशे एकावन्न.

"माय वं!" म्हणून बायांनी हात जोडले. सरलाबाईचे तर डोळेच भरून आले, कारण तो रुमाल तिच्या नातीचा होता. वर्षाचा.

वर्षाने आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती. यादीत नाव लागलं तर बारावीपर्यंत दर वर्षी पैसे मिळणार होते. आठवीनंतर म्युनिसिपालटीची मराठी शाळा संपायची आणि पुढे खासगी शाळेची फी. बाप महेश लूमवर बारा तास उभा राहायचा, आई मंदा घरी साड्यांवर खडे चिकटवायची, आणि फीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा, ती खड्यांवर वाकायची. नाव लागलं तर नववी, नाही तर आईशेजारी बसून खडे. घरातलं सगळं गणित एवढंच.

अडीच महिने झाले तरी निकाल नव्हता. आज लागणार, उद्या लागणार. कट-ऑफ कुणी एकशे दहा सांगे, कुणी एकशे तीस. मोबाईलवर नुसतं चाक फिरायचं. माणूस असा टांगणीला लागला, की त्याला कसलीही दोरी चालते.

"आजी," वर्षा कानाशी कुजबुजली, "पेपर तर तपासून झाले असतील. आता हळद टाकून मार्क कसे बदलतील?"

"गप बस. देवाच्या ठिकाणी तोंड चालवू नको."

"आणि सगळ्यांना शगुनाचेच आकडे कसे गं? एकशे एक, एकशे एकवीस, एकशे एकावन्न. मार्कांत कुणाला सात नाही की आठ नाही. लग्नाचा आहेर आहे का?"

पुढे बसलेल्या शेजारच्या मनीषाला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. सरलाबाईने नातीला चिमटा काढला.

बापूंनी शेवटचा हुकूम सोडला. रुमाल, परीक्षेचं प्रवेशपत्र आणि उत्पन्नाचा असल दाखला यांची पोटली बांधून मांडवात टांगायची. झेरॉक्स चालणार नाही, "झेरॉक्स को आशीर्वाद नहीं लगता". अकरा दिवस निकाल पाहायचा नाही, निकालाचं नाव काढायचं नाही, परीक्षेचा कागद उघडायचा नाही. "नजर लगी, तो नंबर उडा!" बाराव्या दिवशी दक्षिणा ठेवली की प्रसादासोबत पोटली परत.

महेश म्हणाला, "माय, असल दाखला देऊ नको. मामलतदार कचेरीत तीन खाडे पडले होते त्याच्यापायी."

"मना शबूद शे," सरलाबाई म्हणाली. "मी सांगस ना, दे."

म्हाताऱ्या आईचा शब्द महेशने मोडला नाही. पोटली टांगली गेली.

सरलाबाई धुळ्याकडची. आयुष्यभर अंगठा लावणारी. वर्षा पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकावर ही साठीची बाई अक्षरं गिरवायला बसली. तेव्हापासून डाळीच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय फेकत नसे. अशा बाईच्या हातात चौथ्या दिवशी गल्लीतल्या कुणी तरी एक चिठ्ठी आणून दिली. वर्षाच्या शाळेतल्या हेमराज सरांची; शाळेला सुट्टी लागल्यामुळे निरोप वर्षाजवळ देता आला नव्हता. दुमडलेल्या कागदावर वरच 'वर्षाच्या पालकांस' असं लिहिलेलं. सरलाबाईने ते वाचलं, आणि हात भाजल्यागत झटकन ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचून दिली. अकरा दिवस कागद उघडायचा नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी ती मोरीत वर्षाचा सुट्टीतही अंगात असायचा तो शाळेचा पांढरा सदरा धूत होती. खिशाजवळ वरणाचा पिवळा डाग. तिने साबणाची वडी घासली. डाग तांबडा झाला.

असा तांबडा डाग तिने जन्मात हजारदा पाहिला होता. महेशच्या लहानपणी, त्याच्या बापाच्या बनियनवर, लग्नातल्या टॉवेलांवर. त्या दिवशी मात्र तिचा हात थांबला. तांबडं ते तसलंच होतं. हुबेहूब.

"वर्षा, आठे ये. कपड्याचा सोडा आण. आणि आगपेटीतली काडी."

सोडा पाण्यात विरघळवला. जुन्या परकराच्या चिंधीवर काडीने एकशे एकावन्न लिहिलं. चिंधी उन्हात वाळवली. कापड कोरं दिसत होतं, फक्त बोट फिरवलं की जरा कडक लागत होतं. मग वर हळदीचं पाणी शिंपडलं.

तांबडे आकडे वर आले.

"आजी!" वर्षा टाळ्या पिटायला लागली. "तू पण बापू झालीस!"

सरलाबाई हसली नाही. तिने फोटोमागची चिठ्ठी काढली आणि उघडली. सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली.

'वर्षाचे नाव यादीत आहे. गुण १२४, कट-ऑफ १२१. अभिनंदन. उत्पन्नाचा असल दाखला घेऊन बुधवारी पाच वाजायच्या आत शाळेत यावे. त्यानंतर घेतला जाणार नाही.'

चिठ्ठी वाचली त्या दिवशी गुरुवार होता.

चपला न घालता ती शाळेत पोहोचली. हेमराज सर खुर्चीतून उठले, पण त्यांच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं.

"मावशी, मी महेशला फोन केला. तो म्हणाला, सर, अकरा दिवस नाव काढू नका. दोनदा घरी आलो, कुलूप होतं, म्हणून गल्लीत चिठ्ठी देऊन गेलो."

"आरतीला गेलतो आम्ही."

"तिसऱ्यांदा यायला पाहिजे होतं मी. काल साडेपाचपर्यंत शिक्षण कचेरीत बसलो, हातापाया पडलो. ते म्हणाले, दाखला नाही तर पुढचं नाव. पुढचं नाव घेतलं त्यांनी."

"काहीच नाही का होणार?"

"अर्ज देऊ आपण," सर म्हणाले. पण बोलताना ते खिडकीकडे पाहत होते.

अकराव्या दिवशी सांजेच्या आरतीला सरलाबाई मांडवात शिरली. पिशवीत सोड्याने लिहून वाळवलेली आणि काही कोरी कापडं, काड्या, सोडा, वाटी, तांब्यात हळदीचं पाणी. बापू काही बोलायच्या आत तिने कापड उंच धरलं आणि पाणी शिंपडलं. एकशे एक. दुसऱ्यावर एकशे एकवीस.

लोक उठून पाहायला लागले. बापू मात्र कसलेला गडी. तो पलंगावर उभाच राहिला. "देखो! माताजी में भी शक्ती उतर गई! बोलो हळदी माता की जय!"

आणि काय सांगावं, लोकांनी जयजयकार केला! दोन बाया धावत येऊन सरलाबाईच्या पायांवर पडल्या. मनीषा सगळ्यांत पुढे. "मावशी, माझ्या पोराचा पण नंबर काढा ना!"

"अगं पाय सोड! मना हातले सोडा लागेल शे, शक्ती नही!"

"बघा, किती नम्र आहे," मागून कुणी तरी म्हणालं.

तेव्हा सरलाबाई रडली. नातीची शिष्यवृत्ती गेली हे ऐकल्यावर रडली नव्हती, ती आता रडली. मग पदराने नाक पुसून तिने मनीषाचा हात धरला, तिच्या बोटांत काडी दिली आणि पुढ्यात सोड्याची वाटी ठेवली.

"तू लिही."

"मी? मला कुठे शक्ती?"

"लिही म्हणते ना. आकडा मला सांगू नको."

मनीषाने घाबरत लिहिलं. प्रसादाच्या चुलीवरच्या तव्यावर कापड वाळवलं, हळद शिंपडली. तिच्याच वेड्यावाकड्या हाताचा सात तांबडा होऊन समोर आला. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हा तर वरणाचा डाग गं मावशी. माझा नवरा रोज आणतो."

कुणी तरी फस्सकन हसलं. मग एकामागून एक बायांनी काड्या उचलल्या. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये वीस वर्षं सोड्याची पोती वाहिलेला धुडकू सगळ्यांत मागे होता. तो डोकं धरून खाली बसला. "सोड्याच्या हाताने वरण तांबडं होतं, मी रोज पाहतो," म्हणाला, "आणि इथे हात जोडून बसलो."

ह्या गडबडीत बापूंचा पलंग रिकामा झाला. टेम्पो कधी सुटला, कुणाला कळलं नाही. पोटल्या तशाच लोंबत होत्या. सगळ्यांना आपापले असल दाखले मिळाले. वर्षाचाही मिळाला, हळदीचा एक डाग सोडला तर अगदी शाबूत.

हेमराज सरांच्या अर्जाला उत्तर आलं नाही. जूनपासून वर्षा आईशेजारी बसते. तिचा हात चांगला चालतो, खडा एकदाही वाकडा बसत नाही. शाळेचा विषय ती काढत नाही आणि आजीला दोषही देत नाही. तिने दिला असता तर सरलाबाईला बरं वाटलं असतं.

पुढच्या गल्लीत आता कुणी भस्मवाला उतरलाय म्हणतात, आणि गोडादऱ्यातलीच काही माणसं तिकडे जातात. सरलाबाई त्यांना अडवायला जात नाही. निकालाच्या दिवसांत ती दारोदार फिरते आणि आठवीची लेकरं असलेल्या घरात एवढंच विचारते, "शाळेतून कागद आला का? उघडला का? मग आण इकडे, मी वाचून देते."

बाबांनो, मार्क पेपरात पडतात, कापडावर नाही. पेपर दिल्यावर ते कुणाच्या बापाला वाढवता येत नाहीत. खोटं वाटत असेल तर घरात हळद आहे, सोडा आहे, आपल्या हाताने करून पाहा. पण त्याआधी लेकराच्या नावाने आलेला कागद उघडा. हळदीचा डाग उन्हात उडून जातो. गेलेली तारीख परत येत नाही.