सोमवारची चांगली काच

आमच्या मिशन इस्पितळात रक्ताच्या काचा रंगवायला दर सोमवारी सकाळी नवा रंग तयार होतो, आणि त्या रंगाची परीक्षा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बा हाचिलाला यांच्या रक्तावर होते. ही पद्धत त्यांनीच पाडलेली. डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, सुकवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. लाल पेशी गुलाबी दिसल्या आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळी दिसली, की रंग जमला. मग काचेच्या कडेला ते पेन्सिलीनं 'चांगली' असं लिहायचे, काच लाकडी पेटीत ठेवायचे आणि रुग्णांच्या काचा सुरू व्हायच्या. "साऱ्या तालुक्याचं रक्त माझ्या रक्ताच्या मापानं मोजलं जातं," हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं नाही असा दिवस नसेल. बढाईखोर माणूस.

मी सात वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आले. मधे राजधानीत, लुसाकाला शिकून आले खरी, पण माझी नजर तयार झाली ती त्यांच्याच काचेवर. आमच्याकडे बहुतेक काम मलेरियाचं. जंतू आहे की नाही, एवढं सांगायचं. पांढऱ्या पेशींच्या जाती मोजायला डॉक्टर क्वचितच सांगतात.

त्या सोमवारी बा हाचिलाला डाव्या हाताच्या बोटाला हे भलं मोठं बँडेज बांधून आले. लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली म्हणे. नऊ बोटं शिल्लक आहेत की, मी म्हटलं.

"उरलेल्या बोटांनी मला मक्याची न्शिमा खायची आहे," ते म्हणाले. "आज तुझं रक्त दे, चिपेगो. बघू तरी, आत रक्त आहे की नुसती मिरची."

आणि वॉर्डातले नमुने आणायला स्वतःच निघून गेले. एरवी त्या उन्हात मला पिटाळतात.

मी बोट टोचलं, काच रंगवली, तेलाचा थेंब टाकून डोळा लावला. रंग झकास उतरला होता. पण पेशी चुकीच्या होत्या.

बा हाचिलाला यांच्या काचेवर कुठंही बघा, लहान गोल पांढऱ्या पेशी असायच्या. पेशीभर केंद्रकच. त्यांच्यामधे जांभळे फिसकटलेले डाग. काच पसरताना ते हात जड ठेवतात म्हणून पेशी चिरडतात, असं मी समजायचे आणि त्यांना चिडवायचेही. माझ्या काचेवर डाग एकही नव्हता. लहान गोल पेशी शोधाव्या लागत होत्या. जिकडेतिकडे मोठ्या पेशी, आणि प्रत्येकीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांत वळलेलं. मी काच सरकवली, दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे तेच.

घरी माझी लुयांडो चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिते. पहिला विचार तिचाच आला. रक्ताच्या कर्करोगाच्या काचा मी लुसाकाला पाहिल्या होत्या. काचेवर नको ती पेशी नको तितकी दिसते, एवढंच त्या क्षणी आठवत होतं. मला प्रचंड भीती वाटली. दाराला कडी लावून रडावं असं वाटलं.

मग स्वतःवरच चिडले. आकडा काढल्याशिवाय बोलू नये, हे शिकवलंय कुणी? मोजणीचं यंत्र पुढ्यात ओढलं. प्रत्येक पेशीला तिच्या जातीचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की यंत्राची घंटी वाजते. घंटी वाजली. वळलेल्या केंद्रकाच्या एकसष्ट, लहान गोल एकतीस, बाकी किरकोळ. भिंतीवर निरोगी माणसाच्या आकड्यांचा तक्ता आहे. इतका जुना, की त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी तो तीनदा वाचला. माझे सगळे आकडे त्यात बसत होते. मला काही झालं नव्हतं.

मी मोठ्यानं हसले. आणि मधेच थांबले, कारण तक्त्याच्या खालीच ती लाकडी पेटी होती.

त्यांची मागच्या सोमवारची काच काढली. घंटी वाजली तेव्हा लहान गोल पेशींचा आकडा शहाऐंशीवर होता. पुन्हा मोजायला धीर झाला नाही. दोन वर्षांपूर्वीची काच काढली: एकोणसाठ. सहा वर्षांपूर्वीची: तेहेतीस, आणि डाग एकही नाही. हात तर तोच होता. म्हणजे दोष हाताचा नव्हता. रक्तच हळूहळू बदलत गेलं होतं, इतकं हळू, की दर सोमवारी बघूनही मला त्याचीच सवय झाली. ज्या मापानं आम्ही सगळ्यांना मोजत होतो, ते मापच बिघडलं होतं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. त्यांच्या पट्ट्याला पाडलेली दोन नवी भोकं. ऑक्टोबरच्या या तलखीत, मानेच्या गाठी झाकायला असावीत अशी गळ्यापर्यंत लावलेली बटणं. दुपारी ताटात उरलेली न्शिमा.

काचा जंतुनाशकाच्या बादलीत टाकाव्यात आणि काही पाहिलंच नाही असं वागावं, हा विचार मला आला. खोटं कशाला सांगू? मगाशी स्वतःसाठी भ्याले होते, त्याहून आता जास्त भ्याले. मला हे काम, ही नजर, वेळप्रसंगी ओरडा, सगळं त्या माणसानं दिलं होतं. त्याला हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात ते नमुन्यांचा ट्रे घेऊन दारात आले.

"रंग कसा आलाय?"

चांगला आलाय, मी म्हटलं.

"आणि बाकी?"

रुग्णाला तोंड पाडून सांगू नकोस, आकडा सांग, असं ते मला पहिल्या दिवसापासून बजावत आले होते. मी आकडा सांगितला.

"शहाऐंशी."

कशाचे, हे त्यांनी विचारलं नाही. ट्रे हळूच टेबलावर ठेवला.

"मला चौऱ्याऐंशी आले होते," ते म्हणाले. "चार वेळा मोजले."

स्टुलावर बसून त्यांनी बोटावरचं बँडेज सोडलं. खाली बोट धडधाकट होतं, साधा ओरखडाही नव्हता. म्हाताऱ्या डोळ्यांची चूक असेल असं वाटत होतं, ते म्हणाले. तुझ्याजवळ तुझी काच असली तर तुला फरक दिसेल, आणि नाही दिसला तर मीच खोटा ठरेन, अशी आशा होती.

"मी भीतीनं मेले असते म्हणजे?" मी म्हटलं. मला खरंच राग आला होता.

"तू कसली मरतेस. मिरची आहे आत." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला फार भीती वाटते, चिपेगो. गेला महिनाभर मी झोपलो नाही."

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. उद्याच्या बसनं लुसाकाला मोठ्या इस्पितळात जायचं, मी सोबत येणार, असं मी सांगून टाकलं. त्यांनी वाद घातला नाही, आणि त्यानंच माझं काळीज आणखी हललं. लुसाकाचे लोक ताजी काच मागतील, एवढंच म्हणून त्यांनी बोट पुढे केलं.

मी टोचलं. काच रंगवून मी डोळा लावला आणि एकेक पेशी सांगत गेले. ते शेजारी बसून बटणं दाबत होते. लहान गोल. लहान गोल. लहान गोल. घंटी वाजली तरी त्यांचं बोट काही वेळ त्याच बटणावर होतं.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. माझ्या काचेच्या कडेला 'चांगली' असं लिहिलं, आणि स्वतःच्या काचेवर, रुग्णांच्या काचांवर लिहितात तसं, पूर्ण नाव आणि वय.