दुधासकट आहेर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या जालिंदरकाकांच्या टॉवेल कारखान्याची वेबसाइट कीर्तीनं चालू केली आणि पोरीचे पाय जमिनीला लागेनात. गिऱ्हाइकानं टॉवेलावर विणायचा मजकूर फोनवर भरायचा. तो रिक्वेस्टमधून सर्व्हरवर यायचा. सर्व्हर तोच मजकूर उत्तरात परत दाखवून विचारायचा, 'बरोबर हाय का?' 'व्हय' दाबलं की मजकूर थेट मागावर!

"मधे एक काना-मात्रा हलणार न्हाय, काका. जसाच्या तसा!"

माग चालवणाऱ्या शंकरप्पांना तर तिनं हातच जोडले. "मामा, मजकुराला हात लावायचा न्हाय." कारण शंकरप्पा मजकूर स्वतःच्या मनानं सजवायचे. एकदा तर त्यांनी हॉटेलाच्या नावाआधीसुद्धा 'चि.' विणला होता.

काका म्हणाले, "एक ऑर्डर करून दाखव. जमलं तर हितंच बस. फसलं तर गपगुमान पुण्याची नोकरी धर."

कीर्तीला पुणं नको होतं.

पहिली ऑर्डर आली माढ्याच्या रंभाबाईंची. लेकीच्या लग्नात पाव्हण्यांना द्यायचे टॉवेल. टाइप करायचा बाईंना कंटाळा, म्हणून त्यांनी फोनचा माइक दाबला आणि मजकूर बोलून भरला. लग्नाच्या सकाळी गठ्ठे कार्यालयात पोचले. कीर्तीही काकांबरोबर मिरवत आली, वरचा टॉवेल उलगडला आणि तिचे डोळेच पांढरे झाले.

'सृष्टी आणि युवराज यांच्या लग्नाची सप्रेम भेट अगं सृष्टे दूध बघ की उतू चाललंय किती येळा सांगू'

दुसरा टॉवेल बघितला, तिसरा बघितला. सगळीकडं दूध उतू चाललेलं! तिनं शंकरप्पांना फोन लावला.

"वाचलं की मी," शंकरप्पा शांतपणे म्हणाले. "पर तूच म्हणालीस हात लावू नका. मला वाटलं, हल्ली लग्नात असंच लिहित्यात."

रंभाबाईंनी टॉवेल वाचला आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! दूध चाललं होतं उतू, चष्मा सापडंना, 'व्हय' दाबलं अन् पळाले की मी!"

काकांनी कीर्तीकडं असं बघितलं, की तिला पुण्याची गाडी डोळ्यांपुढं दिसली.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत सृष्टी आली. तिनं वाचलं आणि ती खो खो हसत सुटली. हसता हसता खाली बसली, आणि मग टॉवेल तोंडाला लावून हुंदकेच द्यायला लागली.

"आई, उद्यापासनं माझ्यावर असं कोण वरडणार गं?"

रंभाबाईंनी लेकीला पोटाशी धरलं. कार्यालयातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि पुढच्याच घटकेला टॉवेलांवर अशी झुंबड उडाली की विचारू नका. नवरदेवाच्या मामांनी तर दोन पळवले.

जेवणाच्या पंगतीत एक मावशी काकांना गाठून म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या लग्नाला असलेच करा. पर आमच्यात दूध न्हाय उतू जात. आमच्यात पाण्याची मोटर बंद करायची राहतीया."

काकांनी जिलेबी तोंडात कोंबली आणि कीर्तीकडं बोट केलं. "तिला सांगा. ती हितंच असतीया."

कीर्तीनं तिथंच फोन काढला, माइक दाबला आणि मावशींच्या तोंडापुढं धरला.

"बोला मावशी. मोटरीसकट बोला."