मनगटावरची सुई

सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकला की टाचेत कुणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. तेल झालं, शेक झाला, मऊ चपला झाल्या. दुकानात मी कुणाला कळू दिलं नव्हतं. पण मोठ्या जाऊबाईंपासून काय लपणार? त्यांची नजर अधू झालीय, कान मात्र शाबूत आहेत.

"धाकटे, तुझी मशीन लंगडतेय," त्या म्हणाल्या.

शिवणकामाचं दुकान आम्ही दोघी जावांनी काढलेलं. मागच्या खोलीत पायाच्या दोन मशिनी, मधे इस्त्रीचं टेबल, दाराशी चिंध्यांचं पोतं. वीज गेली की सगळी गल्ली हातावर हात धरून बसायची. आमचे पाय तेवढे कंदिलाच्या उजेडात चालत असायचे. आता जाऊबाईंचा मुलगा दुकान बघतो. त्याने विजेची मोटर आणून खोक्यासकट काउंटरवर ठेवली होती. सोमवारी कारागीर येऊन माझ्या मशीनला बसवणार.

"काकू, पायाला आराम मिळेल," तो गोड बोलला.

मोटरची मशीन जरा दाबली की सुसाट सुटते. मला ती आवरायची नाही. मग माझ्या खुर्चीत एखादी तरुण मुलगी बसेल आणि मी घरी खिडकीशी. सोमवारच्या आत टाच बरी व्हायला हवी होती. म्हणून जाऊबाईंनी अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढताच मी तयार झाले.

"जन्मभर सुयांशी संसार केलास. आता त्यांनाच कर म्हणावं काहीतरी," त्या म्हणाल्या.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी कठड्याला लोंबकळत होते.

"टाच दुखणाऱ्यांना इतकं वर कशाला बोलावतात?"

"जी वर पोचते ती अर्धी बरीच असते. त्यांचं काम कमी होतं," मागून जाऊबाई म्हणाल्या.

सुईवाल्या बाईंनी टाच दाबून पाहिली. घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पोटरीत केसासारख्या बारीक सुया लावल्या. मुंगी चावल्यागत वाटलं, मग पाय आतून जड झाला. शेवटची सुई त्यांनी डाव्या मनगटात लावली.

"दुखतंय खाली आणि सुई वर?"

"टाचेसाठी इथेही लावतात, आजी. आता मी येईपर्यंत हलायचं नाही."

आणि पडदा ओढून त्या गेल्या.

हलायचं नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता. पडद्याची खालची दुमड वाकडी शिवलेली, एका कोपऱ्यात उसवलेली. कुणी शिवली असेल? सोमवार जवळ येत होता. कारागीर सकाळीच आला तर? मी पाहत होते मनगटाकडे. तिथेच, अगदी तिथेच, माझी टाचण्यांची गादी बांधलेली असायची. शिवण पुरी झाली की कापडातल्या टाचण्या काढायच्या आणि गादीत खोचायच्या. विसरलेली टाचणी गिऱ्हाइकाच्या अंगात जाते, हे जाऊबाईंनी मला पहिल्याच दिवशी दटावून सांगितलेलं.

सुईवाल्या बाईंनी पडदा सारला तेव्हा मी उठून बसले होते.

"आजी, पायातल्या सुया कुठे गेल्या?"

मी उशीकडे पाहिलं. कडेला सगळ्या ओळीने खोचलेल्या, डोकी एका बाजूला.

"काढून ठेवल्या," मी म्हटलं. "एकही विसरले नाही."

बाहेर बाकावर जाऊबाईंना हसता हसता ठसका लागला. बाईंनी त्यांनाच आत बोलावलं. नव्या सुया काढल्या, माझा उजवा हात जाऊबाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरून बसा यांना."

"धाकटे, पाय हलतोय तुझा."

"कुठे हलतोय?"

"मला दिसत नसेल, पण पलंग कुरकुरतोय ना."

पलंगावरून उतरताना टाच खरंच हलकी वाटली. खिळा होता, पण बोथट. मी बाईंना विचारलं, "सोमवारपासून बसू का मशीनवर?"

"दुखणं उतरेल, अजून थोड्या वेळा यावं लागेल. पण तोवर या पायाने पायडल मारायचं नाही. मी उतरवायचं आणि तुम्ही चढवायचं, असं कसं चालेल?"



सोमवारी कारागीर पिशवी घेऊन दारात उभा राहिला. पुतण्याने खोकं उघडलं. तेवढ्यात जाऊबाई स्टूल ओढत माझ्या मशीनपाशी आल्या, मला बाजूला सरकवलं आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

"कापड तू धर. मला सुई दिसत नाही, पाय दिसायची गरज नाही."

"आई, हे काय चाललंय?" पुतण्या म्हणाला.

"आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा. तू चहा सांग कारागिराला."

त्यांनी पायडल मारलं ते उलटं. चाक मागे फिरलं, दोरा तुटला.

"जाऊबाई, पुढे."

"पुढेच मारतेय. तू कापड ओढतेस."

मी पुन्हा दोरा ओवला. दुसरी शिवण नागमोडी गेली, तिसरी जरा बरी. कारागीर चहा पिऊन कधी गेला, कळलं नाही. पुतण्याने खोकं फळीवर चढवून ठेवलं. टाकून दिलं नाही, तेही मी पाहिलं.

जाऊबाई थांबल्या. "आता आणि काय वाजतंय?"

टेबलाखाली, मोकळ्या फरशीवर, माझी चप्पल टपटप करत होती.

"तो पाय आवर आधी," त्या म्हणाल्या, "माझा ठेका चुकतो."