सातव्या मजल्यावरचा फळा

अमेरिकेतल्या डुलुथ गावी आमच्या इस्पितळात सातव्या मजल्यावर एक पांढरा फळा आहे. शेवटचा पेशंट पडल्याला किती दिवस झाले, तो आकडा त्यावर रोज लिहितात. शंभर भरले की वरच्या साहेबलोकांकडून केक येतो. त्या मजल्यावर मी अकरा वर्षं नर्स होते, तो केक मीही खाल्लाय. तो कसा मिळवायचा तेही मला ठाऊक आहे. पेशंटला पलंगावरून उठूच द्यायचं नाही. उठलाच नाही तर पडेल कशाला?

याच चिडीतून मी संशोधनाच्या कामात आले. आमचा अभ्यास साधा आहे. म्हाताऱ्या पेशंटांना दिवसातून तीनदा चालवलं, तर जास्त जण आपापल्या घरी परत जातात का, एवढंच बघायचं. कुठल्या मजल्यानं कधी सुरुवात करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. सातव्याला सोमवार आला. फळ्यावर त्या दिवशी चौऱ्याण्णव.

"पुढच्या सोमवारी कर ना, मर्ना," बर्नाडेट म्हणाली. ती तिथली मुख्य नर्स, माझी जुनी मैत्रीण आणि नियमांची कट्टर भक्त. "केक तरी होऊ दे."

"चिठ्ठी आपल्या सोयीनं फिरवायची, तर टाकायची कशाला?"

"कुणी पडलं ना, तर उचलायला तुझी चिठ्ठी नाही येणार. आणि धरून हळूच खाली बसवलंस तरी ते पडणंच धरतात, विसरू नकोस."

मी विसरले नव्हते.

सातशे बारामध्ये वॉल्टर हालोनेन होते. वय त्र्याऐंशी, निवृत्त पोस्टमन, न्यूमोनिया. शुक्रवारी स्वतःच्या पायांनी आले आणि सोमवारी उभं केलं तर पाय लटपटत होते. कागदावर तिन्ही दिवस 'चालवले' असं लिहिलेलं. घोट्याला आमचं पावलं मोजायचं यंत्र होतं, त्यावर अख्ख्या रविवारची पावलं एकोणीस. खोटं कुणालाच लिहायचं नव्हतं. पलंगावरून बाजूच्या खुर्चीत बसवलं की 'चालवले' लिहायची आम्हा नर्सेसची सवयच आहे. अकरा वर्षं मीही तेच लिहीत होते, याची मला अजून लाज वाटते.

हालोनेन एकटे राहायचे आणि त्यांच्या दारापुढे सहा पायऱ्या होत्या. गुरुवारी दुपारी इथल्या जिन्यावर त्यांची परीक्षा होणार होती. सहा पायऱ्या जमल्या तर घर, नाही जमल्या तर वृद्धाश्रम. तिथला पलंग अडवूनही ठेवला होता.

"तिथे मी टपाल टाकायचो," ते म्हणाले. "दर महिन्याला पेट्यांवरची नावं बदलायची. बरी होऊन कोणी गेलेलं नसायचं."

"मग उठा."

"मोकळ्या हातांनी मी उभ्या जन्मात चाललो नाही, पोरी."

मी उद्याच्या जेवणाच्या कार्डांचा गठ्ठा आणून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं सरसर चाळला, खोल्यांच्या क्रमानं लावला आणि दारोदार वाटायला निघाले. त्यांच्या कमरेला पट्टा, पट्ट्यावर माझी मूठ. सोमवारी तीन दारं झाली, मंगळवारी नऊ. बर्नाडेट फळ्याजवळ उभी राहून आमच्याकडे बघायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची.

बुधवारी सकाळी सातशे वीसच्या दारात त्यांचे गुडघे दुमडले. मी पट्टा ओढून धरला आणि त्यांना हळूहळू जमिनीवर टेकवलं. कार्डं सगळीकडे पसरली. कुठे खरचटलंसुद्धा नाही.

"टपाल ओलं नाही ना झालं?" त्यांनी विचारलं.

बर्नाडेट धावत आली. इकडे तिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "दमले म्हणून बसले. मी तर तेवढंच बघितलं."

फळ्यावर शहाण्णव होतं. मी पडल्याची नोंद केली, तर त्यांच्या पलंगाला घंटा लागणार होती, जरा हलले की ठणाणा करणारी. मग गुरुवारपर्यंत त्यांना हात लावायला कोण धजणार? त्यांचं घर माझ्या पेनाच्या टोकावर होतं, आणि मला मनापासून 'बसले' लिहावंसं वाटलं.

"लिहून टाक," हालोनेन जमिनीवरूनच म्हणाले. "पडलो मी. बर्फात दर हिवाळ्यात पडायचो. टपाल पोचायचंच."

मी लिहिलं. डॉक्टर तपासून गेले, चालायला हरकत नाही म्हणाले, आणि नियमाप्रमाणे घंटा लागली. बर्नाडेटनं फळा पुसला आणि शून्य काढलं.

दुपारी मी परत आले, तर सातशे पाचमधल्या आजी एका नर्सचा हात धरून खिडकीपर्यंत गेलेल्या. पलीकडे आणखी दोघं चालत होते. अकरा वर्षांत त्या मजल्यावर मी असं पाहिलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शून्याच्या खाली काय जायचंय?" बर्नाडेट फणकाऱ्यानं म्हणाली. "आता राखायला उरलंय काय?" मग सातशे बारामध्ये जाऊन तिनं स्वतःच्या हातानं घंटा बंद केली आणि कार्डांचा गठ्ठा हालोनेन यांच्यापुढे धरला. "चला पोस्टमन. अर्धी गल्ली राहिलीय सकाळची."

संध्याकाळी त्यांनी सगळी चोवीस दारं केली. गुरुवारी सहा पायऱ्या चढले, उतरले आणि कोणी विचारायच्या आत पुन्हा चढले.

एका माणसावरून संशोधन ठरत नाही, हे मी नवीन लोकांना रोज बजावते. आकडे वर्षानं येतील, तेव्हा बघू. पण त्या दिवशी जिन्यात मी रडले, आणि ते कुठल्या तक्त्यात भरायचं नव्हतं.

शुक्रवारी घरी जायची वेळ आली. घरी जाणाऱ्या पेशंटला दारापर्यंत चाकाच्या खुर्चीतूनच न्यायचं, हा आमचा नियम. खुर्ची घेऊन बर्नाडेटच आली. इतक्या वर्षांत तिनं एकाही पेशंटला त्यातून सूट दिली नव्हती. हालोनेन यांचं तोंड उतरलं, तरी ते मुकाट्यानं बसायला वळले.

बर्नाडेटनं त्यांची पिशवी उचलली आणि खुर्चीत ठेवली.

"जागा भरली," ती म्हणाली. "तुम्हाला चालतच यावं लागेल."