हूटर नंतर वाजला

माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे ढिम्म म्हणतात. पहिल्या दोन हाका वाया जातात, तिसरीला तो ओ देतो, तीही आपण समोर जाऊन उभे राहिलो तर. रंगाच्या कारखान्यात त्याला मीच चिकटवला. मी तिथे पॅनलचं वायरिंग करते आणि तो सरकत्या पट्ट्याच्या शेवटाला उभा राहून रंगाने भरलेले डबे उतरवतो. डबा उचलायचा, वळायचं, मागच्या चौकटीवर रचायचा. म्हणजे निम्मा वेळ त्याची पाठ पट्ट्याकडे. पाठीमागे काय चाललंय ते त्याला हूटर सांगतो.

पट्ट्याच्या कडेला बोटाएवढा सेन्सर बसवलेला आहे. समोर पत्र्याचा डबा आला की त्याला कळतं. डबा सरकत पुढे गेला तर ठीक. तिथेच तीन सेकंद बसून राहिला तर पुढे काहीतरी अडकलंय. ती तीन सेकंदं टायमर मोजतो, मग रिले टक् करून वीज जोडतो आणि हूटर बोंबलतो. ढिम्मने लाल बटण दाबून पट्टा थांबवायचा. एवढंच सगळं शास्त्र.

त्या दिवशी सकाळीच टायमर गेला. मी स्टोअरमधून नवा आणला, जुन्याच्या जागी बसवला आणि चकती तीनवर फिरवली. आमची रीत अशी की नंतर सेन्सरसमोर पाना धरायचा, मोठ्याने तीन मोजायचे आणि हूटर वाजतो का ते बघायचं. पण पट्टा बंद पडलेला, सुपरवायझर डोक्यावर उभा, त्याचं 'झालं का, झालं का' चालू. मी रिलेची खुट्टी बोटानेच दाबली. हूटर बोंबलला. झालं, म्हटलं. शितावरून भाताची परीक्षा केली मी, आणि शीत दुसऱ्याच भांड्यातलं. बोटाने रिले दाबला की टायमरचं काम पडतच नाही.

टायमरच्या चकतीखाली एक बारीक खटका असतो. सेकंदं मोजायची की मिनिटं, ते तो ठरवतो. नवा टायमर येतानाच मिनिटांवर होता, म्हणजे तीन सेकंदांची तीन मिनिटं झाली. मी खाली बघितलंच नाही.

दुपारी पॅनलपाशी होते तेव्हा ढिम्मची किंकाळी ऐकली. धावत गेले. डबे एकमेकांवर चढले होते आणि एक कठड्यावरून थेट त्याच्या पायावर आला होता. लाल बटण मी दाबलं. त्याचा बूट काढायला खाली बसले, नाडी सोडली, तो विव्हळत होता, डबे सेन्सरसमोर तसेच अडकलेले, आणि मग हूटर वाजला.

डबे भरतात त्या हॉलमधून माणसं धावत आली ती तो हूटर ऐकून. तिकडे यंत्रांचा इतका गोंगाट की किंकाळी कोणाच्या कानावर गेलीच नव्हती.

"अरे, हूटर एवढा बोंबलतोय आणि तू काय करत होतास?" सुपरवायझर म्हणाला.

ढिम्म माझ्याकडे बघत राहिला. त्याचा बूट माझ्या हातात होता. आधी काय आणि नंतर काय, हे त्या जागेवर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. मी गप्प बसले.

संध्याकाळी पॅनल उघडून मी तो खटका सेकंदांवर सरकवला. नखाचं काम. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने स्वतः पाना धरला, मोजलं, तीनला हूटर वाजला. "यंत्र चोख आहे," तो मला म्हणाला. "त्याचे कान तपासून आणा. कानात दोष निघाला तर मी त्याला पट्ट्यावर घेणार नाही, आणि दुसरं काम माझ्याकडे नाही."

नोकरी जाईल ही भीती मला होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. माझं वायरिंग कारखान्यात कोणी दुसऱ्यांदा तपासत नाही, याचा मला मोठा तोरा. तो तोरा मी त्याच्या पायापेक्षा महाग धरला.

घरी ढिम्मच्या पायाला प्लास्टर आणि कानांची चर्चा. "लहानपणापासून ओरडतेय मी, याच्या कानात काहीतरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझं ऐकतंय कोण?" औषधाच्या दुकानातून थेंब आले. ते घालायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात थरथरत नाही. तो उशीवर मान कलती करून निमूट पडून राहायचा.

"वहिनी, तुला ऐकू आला ना हूटर?"

"आला," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं.

"मग मलाच वेळेवर आला नाही. आधी वाटायचं, माझं लक्ष नसतं. आता कळलं, कानच गेलेत."

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, दिरावर पोटच्या पोरासारखा जीव टाकते हो ही. खाई त्याला खवखवे म्हणतात.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. ढिम्म माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून एकेक पायरी चढला. मध्येच थांबून म्हणाला, "आज पास व्हायला पाहिजे गं." नोकरी लागल्यापासून घरात त्याच्या बोलण्याला थोडी किंमत आली होती, ती जाईल याची त्याला धास्ती होती.

त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, बाहेर तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर दिवा लागतो. दिवा लागायला लागला. लागतच राहिला. बाईंनी हात मांडीवर ठेवले तरी लागत होता.

"हे बघा," त्या मला म्हणाल्या, "मी आवाज देतच नाहीये आणि हे दाबतायत. अशाने काय कळणार?"

त्यांनी दार उघडलं. ढिम्मच्या कपाळावर घाम होता. "चुकलं का? मला वाटलं, वाजलं असेल. मला ऐकू येत नाही ना, म्हणून अंदाजाने दाबलं."

पुढे माझ्याच्याने गप्प बसवलं नाही.

"तुझ्या कानाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी हूटर वाजलाच नव्हता. डबा तुझ्या पायावर पडल्यावर वाजला. टायमर मी चुकीचा लावला होता. आणि संध्याकाळी कोणाला न सांगता नीटही केला."

तो हातातल्या बटणाकडे बघत होता. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मग थेंब कशाला घातलेस, वहिनी?"

बाई उगाच कागद चाळायला लागल्या.

"परत घ्या," तो त्यांना म्हणाला, आणि दार त्याने आतून लावून घेतलं.

मी बाहेरूनच सुपरवायझरला फोन लावला. घंटा जात होती तोवर काचेतून बघत होते. दिवा लागला, विझला. मग कितीतरी वेळ लागला नाही. ढिम्म डोळे मिटून शांत बसला होता, अंगठा बटणावर टेकलेला. बाईंनी कळ फिरवली आणि दिवा लगेच लागला. जेवढं वाजत होतं तेवढंच त्याला ऐकू येत होतं. पलीकडून सुपरवायझर "बोला" म्हणाला, आणि मी खुट्टी बोटाने दाबल्यापासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी आधी मला भेटा. तोवर पॅनलला हात लावू नका."

कान उत्तम आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. ढिम्मने त्यांचे आभार मानले. जिन्यापाशी आलो तेव्हा मी सवयीने खांदा पुढे केला. त्याने कठडा धरला आणि एका पायावर सावकाश, एकेक पायरी उतरायला लागला.