उन्हात ठेवलेली बादली

इस्पितळाच्या खाटेपाशी बसलेल्या धाकट्याने बाबांच्या पायावरच्या चादरीची कड उचलली आणि लगेच सोडून दिली. सकाळी घोट्यापाशी असलेला जांभळा डाग आता गुडघ्यापर्यंत चढला होता आणि त्यावर काळपट फोड टरारले होते.

बाबांचा उभा जन्म होड्या बांधण्यात गेला. त्या कामात खिळा लागो की करवत, औषध एकच: समुद्र. यकृत थकले, पाय सुजले, टाचांना भेगा पडल्या, तेव्हा धाकट्याला तेच औषध आठवले. धक्क्यावरून रोज बादलीभर पाणी आणून तो ते गॅलरीतल्या उन्हात ठेवी. गार पाणी बाबांना सोसत नसे. कोमट पाण्यात पाय सोडले की त्यांचे डोळे आपोआप मिटत.

"यांचा पाय समुद्राच्या पाण्यात गेला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "तिथले काही जंतू कोमट पाण्यात वाढतात आणि जखमेतून रक्तात शिरतात. धडधाकट माणूस सहसा निभावतो. यांचं यकृतच साथ देत नाहीये. खात्रीनं कळलं, तर औषध नेमकं देता येईल."

धाकट्याने तोंड उघडले.

"मीच उतरलो होतो," खाटेवरून आवाज आला. "कुणाला न सांगता."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. नवे औषध सुरू झाले. "प्रयत्न करतोय," जाताना त्या म्हणाल्या; पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

"तुम्हाला ना, बांधूनच ठेवायला हवं होतं," खाटेच्या पायथ्याशी उभ्या ताईने पदराने डोळे टिपले.

"बांधून ठेवलेली होडीच आधी कुजते, पोरी."

ताईला हसू आले आणि अर्ध्यावरच थिजले. गेल्या हिवाळ्यापासून बाबा जिना उतरले नव्हते. काल इथे आणतानाही शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेले होते. तिने भावाकडे पाहिले. तो फरशीकडे बघत होता.

मग तिने बाबांच्या पायावरची चादर सारखी केली.

"गॅलरीतली बादली तेवढी ओतून टाक," ती हळूच म्हणाली. "घरी गेलास की."

"आत्ताच जातो."

पण तो उठला नाही. त्याच्या मनगटावर बाबांची तापाने भाजणारी बोटे होती. खिळा बसेपर्यंत फळी दाबून धरावी, तसे त्यांनी ते धरले होते. आणि आता एकेक बोट सैल पडू लागले होते.