चवड्यांवर उंचावलेला हात

दाजी सलूनमधली ट्यूबलाइट पुसायला स्टुलावर चढले आणि उतरताना स्टूल विसरले. खांद्याचं हाड मोडलं. प्लेट बसली, टाके निघाले, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. केस कापणाऱ्याचा हात छातीशीच अडला, तर त्याने काय गिऱ्हाइकांची पोटं भादरायची?

सलून मेहुण्याचं. तो म्हणाला, "दाजी, तुमची खुर्ची अडवून ठेवलीय. पण जन्मभर नाही हं!"

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करायचं आणि बोटं कोळ्यासारखी वर चालवायची. "टाचा जमिनीला, अंग सरळ. फक्त हात वर," बाई बजावायच्या. घरी बोटं थांबली की बायको तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. रोज त्याच रेघेवर रेघ. बिचारीचा चेहरा बघवेना, म्हणून एका सकाळी दाजींनी हळूच टाचा उचलल्या. रेघ वीतभर वर! बायकोच्या डोळ्यांत पाणी. मग त्यांनी कंबरही डावीकडे वाकवली. रेघ खिडकीच्या वर गेली, तसा तिने भावाला फोन लावला, "अरे, हात गेला वर! उद्या पाठवते."

पण आता टाचा टेकवायच्या कोणत्या तोंडाने?

पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. दाजी चवड्यांवर उठले आणि डावीकडे झुकले. हेडमास्तर सभ्य माणूस, तेही झुकले.

"सर, सरळ बसा."

"आधी तुम्ही सरळ व्हा की!"

मेहुण्याने खुर्ची खाली घेतली, आणखी खाली घेतली. हेडमास्तरांचे गुडघे हनुवटीला लागले, तरी कात्री टाळूपर्यंत पोचेना. शेवटी आरशात उतरतं छप्पर दिसलं.

"माझा एक कान वर आहे का हो?"

"कान नाही, केस," बाकावरचा एक जण म्हणाला. "मान वाकडी ठेवा, कुणाला कळायचं नाही."

सगळे हसले. मेहुणा हसला नाही. डोकं त्याने स्वतः निस्तरलं, मग दाजींना कोपऱ्यात घेतलं.

"हात वर करा. टाचा खाली."

दाजींनी टाचा टेकवल्या. सगळा जीव लावला. खांदा कानाला भिडला, दात आवळले, हात मात्र छातीशीच अडला. बाकावरच्या लोकांना अचानक पेपर वाचावासा वाटला.

"उद्यापासून दुसरा कारागीर बघतो, दाजी."

"तुझ्या ताईला..."

"ते तुम्हीच सांगा."

दाजी एप्रन काढायला गेले. मेहुण्याने सकाळी हौसेने मानेमागे गाठ मारली होती. उजवा हात तिथवर जाईना आणि एकट्या डाव्याने ओढली तर ती आणखीच आवळली. दोनदा, तीनदा खटपट केली.

"थांबा," म्हणत मेहुण्याने त्यांना पाठमोरं केलं. "मान खाली घ्या."

दाजींनी मान खाली घेतली.